ठिपके मोजू नका, जळालेले गुंठे मोजा

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की माझं एक रोजचं काम सुरू होतं. ऑफिसचं आवरलं की लॅपटॉपवर नासाची वर्ल्डव्ह्यू नावाची साइट उघडायची आणि आज दुपारी पंजाब वरून कसा दिसत होता ते बघायचं. साइट फुकट आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही, मोबाईलवरही चालते, आणि रोजचा फोटो तर मिळतोच पण मागे मागे जात थेट २००० सालापर्यंत जाता येतं. पुण्यात बसून पंजाब कशाला बघायचा असं घरी सगळेच विचारतात. खरं कारण आईचा दमा. धायरीला राहतो आम्ही, आणि दरवर्षी थंडी सुरू झाली की तिचा पंप उशापाशी येतो तो होळी होऊन गेल्यावरही तिथेच असतो. हवेत नक्की काय येतंय, कुठून येतंय, हे समजून घ्यायचं म्हणून मी धूर बघायला शिकले, आणि धूर बघायला शिकायचं तर सुरुवात पंजाबपासूनच करावी लागते कारण एवढा मोठा, एवढा स्पष्ट धूर आपल्या देशात दुसरीकडे कुठे वरून दिसत नाही.

तसं पुण्यातून दिल्लीच्या धुराकडे बघणं काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. पाषाणला होमी भाभा रोडवर आयआयटीएम आहे, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था, रोज हजारो लोक तिच्या गेटवरून गाडी दामटत जातात. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी 'सफर' यंत्रणा तिथली, २०१० साली कॉमनवेल्थ गेम्सच्या निमित्ताने ती दिल्लीसाठी सुरू झाली आणि २०१३ साली पुण्यासाठी. आज दिल्लीच्या हवेत शेतातल्या धुराचा वाटा इतके टक्के, अशी जी बातमी नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर येते ना, त्यातले टक्के अनेकदा या पाषाणच्या गणितातून निघालेले असतात. मला याचा खरंच अभिमान वाटतो. दिल्लीकर मास्क लावायचा की नाही हे ठरवतो ते आपल्या पाषाणमधल्या सुपरकॉम्प्युटरच्या भरवशावर.

आता फोटो कसा वाचायचा ते सांगते, कारण हे एकदा जमलं की पुढचं सगळं समजतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ढग, धुकं, धूळ आणि धूर सगळं एकच वाटतं. ढग पांढराशुभ्र असतो आणि त्याची सावली जमिनीवर पडलेली दिसते. डिसेंबर-जानेवारीतलं गंगेच्या मैदानातलं धुकंही पांढरं, पण वरून एकदम सपाट, गुळगुळीत, आणि हिमालयाच्या पायथ्याशी येऊन अक्षरशः कापल्यासारखं थांबतं. राजस्थानकडची धूळ पिवळट तपकिरी. धुराचा रंग राखाडी, त्यात थोडी निळसर झाक, आणि मुख्य खूण म्हणजे त्याला कडा नसते आणि त्याच्या आतून खालची नदी, शेतं, शहरं पुसट दिसत राहतात, ओल्या फडक्याने पाटी पुसली की जो खडू मागे राहतो तसा. तरीही शंका असेल तर एक युक्ती आहे. वर्ल्डव्ह्यूमध्ये नेहमीच्या रंगांऐवजी इन्फ्रारेडचे पट्टे लावून तोच फोटो बघता येतो, मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचं ७-२-१ असं कॉम्बिनेशन, ते लावलं की धूर जवळपास गायब होतो आणि ढग मात्र तसाच राहतो. कारण धुराचे कण इतके बारीक असतात की लांब लहरींचा प्रकाश त्यांना न अडकता पार जातो, ढगातले पाण्याचे थेंब मोठे, ते अडवतात. पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा हरियाणावरचा अख्खा राखाडी पडदा एका क्लिकने उठला आणि खाली शेतांचे चौकोन लख्ख दिसायला लागले, आणि जे बारीक कण या लहरींना दिसतसुद्धा नाहीत तेच छातीत सगळ्यात खोल जातात हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ पुढे काही बघितलंच नाही. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो.

मग रोजचे फोटो एकामागून एक बघायचे. पंजाब-हरियाणात भात कम्बाइनने काढतात, मशीन वरची लोंबी घेतं आणि खाली धसकटं नि मोकळा पेंढा शेतात टाकून जातं. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायची असते. मध्ये हातात दोन-तीन आठवडे. त्यात २००९ साली पंजाबने भूजल वाचवायला कायदा करून भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली, हेतू चांगला होता, पण त्यामुळे काढणीही पुढे गेली आणि जाळायची वेळ नेमकी थंडी पडायच्या आणि वारं मंदावायच्या दिवसांत आली. ऑक्टोबरच्या शेवटी हवा थंड होते, खालची गार हवा खालीच राहते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर वर जायला जागाच नाही. उत्तरेला हिमालयाची भिंत, वारा वायव्येचा, मग तो पट्टा सरकत सरकत दिल्ली, कानपूर, पाटणा असा गंगेच्या खोऱ्याने खाली उतरतो, काही वर्षी काही दिवस तर थेट बंगालच्या उपसागरावर पोचलेला दिसतो. पुण्याला तो क्वचितच येतो. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मला खोकला कुठला येतोय ते बघ की." तिचं बरोबर होतं.

पण पुण्याकडे यायच्या आधी ठिपक्यांबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथे आहे.

बातम्यांमध्ये जो भारताचा नकाशा येतो, पंजाबवर लाल ठिपक्यांचं पुरळ उठलेला, तो नासाच्या फर्म्स या साइटवरचा. उपग्रहाने बघितल्यापासून तीन तासांच्या आत ठिपका नकाशावर येतो. तो येतो कसा, तर आग असलेल्या जागेतून चार मायक्रॉनच्या आसपासच्या इन्फ्रारेड लहरी खूप जोरात बाहेर पडतात, साध्या तापलेल्या जमिनीतून तेवढ्या पडत नाहीत. उपग्रह त्या लहरी आणि अकरा मायक्रॉनच्या आसपासच्या लहरी यांची तुलना करतो, उपग्रहाचा फोटो छोट्या छोट्या चौकोनांचा बनलेला असतो, त्यात शेजारच्या चौकोनांपेक्षा एखादा चौकोन फारच वेगळा दिसला की तिथे ठिपका. टेरा आणि अॅक्वा हे जुने उपग्रह, १९९९ आणि २००२ साली सोडलेले, त्यांच्यावरच्या मोडिसचा चौकोन एक किलोमीटरचा. नंतरचे सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१, त्यांच्यावरच्या व्हिअर्स या कॅमेऱ्याचा चौकोन ३७५ मीटरचा. ३७५ गुणिले ३७५ म्हणजे जवळपास ३५ एकर. आता त्या ३५ एकरात एखादं दोन एकराचं रान जोरात पेटलेलं असलं तरी ठिपका पडतो, आणि दहा शेतकऱ्यांची दहा रानं एकदम पेटलेली असली तरी तेवढाच एक ठिपका पडतो. म्हणजे ठिपका दिसला की तिथे काहीतरी जळतंय एवढं समजतं, किती जळतंय ते समजत नाही. तापलेली भट्टी, रिफायनरीची ज्योत यांचेही ठिपके पडतात, ते रोज त्याच जागी दिसतात म्हणून ओळखू येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. व्हिअर्सवाले तिन्ही उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आसपास जातात आणि रात्री दीडच्या आसपास. फर्म्सवर वेळ जागतिक घड्याळाची असते, तिथे सकाळचे आठ दिसले की ते आपले दुपारचे दीड. दुपारी तीन वाजता पेटवलेलं रान सहाला विझलं तर या उपग्रहांच्या दृष्टीने ते पेटलंच नव्हतं.

हे लोकांच्या लक्षात आलं. सरकारी मोजणीनुसार पंजाबमध्ये २०२१ च्या हंगामात ७१ हजारांहून जास्त आगी होत्या, २०२३ मध्ये साडेछत्तीस हजारांच्या वर, आणि २०२४ मध्ये एकदम ११ हजारांच्या आत. ऐकायला किती छान. पण त्याच २०२४ च्या १८ नोव्हेंबरला दिल्लीचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, ४९० च्या वर होता. दिल्लीच्या हवेला स्वतःच्या गाड्या आहेत, बांधकामं आहेत, कारखाने आहेत, सगळं शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडण्यात काही अर्थ नाही, ते मी कधीच करणार नाही. तरी त्या वर्षी शास्त्रज्ञांनी कोरियाच्या भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी राहून सतत बघणाऱ्या, उपग्रहाचे फोटो काढून दाखवले, जो दर दहा मिनिटांनी फोटो घेतो, आणि त्यात दुपार उलटल्यावर, म्हणजे दीडवाले उपग्रह निघून गेल्यावर, धुराचे लोट उठताना दिसत होते. आगी कमी झाल्याही असतील, मशीनं वाटली आहेत, काम झालंय, पण ७१ चे ११ झाले या आकड्यावर आता मी विश्वास ठेवत नाही. एखाद्या आकड्यावरून शाबासकी आणि दंड ठरायला लागला की लोक त्या आकड्याच्या बाजूने वाट काढतात.

आपले इन्सॅटही भूस्थिर आहेत, ३६ हजार किलोमीटरवरून अर्ध्या-अर्ध्या तासाला बघतात, २०२४ च्या फेब्रुवारीत इन्सॅट-३डीएस गेला. पण इतक्या लांबून त्यांचा इन्फ्रारेडचा चौकोन चार किलोमीटरचा होतो, त्यात एखाद्या रानाची आग सापडणं अवघड. जवळून बघणारा दिवसातून दोनदा येतो आणि सतत बघणारा फार लांब आहे. हा पेच समजला की मग पुण्याचा नकाशा कळायला लागतो.

फेब्रुवारी ते एप्रिल फर्म्सवर महाराष्ट्र बघा. पूर्वेला गडचिरोली लाल झालेली असते. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला कोवळी पानं चांगली येतात म्हणून जाळतात, जंगल मोठं आहे, आग दिवसदिवस रांगत राहते, त्यामुळे दुपारच्या नाहीतर रात्रीच्या फेरीत सापडतेच. तिथला ठिपका देहरादूनच्या वन सर्वेक्षण संस्थेकडून मेसेज होऊन वनरक्षकाच्या मोबाईलवर जातो, ही फार चांगली सोय आहे, कुणीही नागरिक नाव नोंदवू शकतो. आणि मग नकाशा डावीकडे सरकवत पुण्यावर आणा. इथे कसा सगळा स्वच्छ, एखाददुसरा ठिपका इंदापूरकडे, एखादा वेल्ह्याकडे. बघणाऱ्याला वाटेल पुणे जिल्ह्यात काही जळतच नाही.

पण फेब्रुवारी-मार्चच्या कुठल्याही संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरून बाहेर पडा, खडकवासल्याच्या पलीकडच्या डोंगरउतारावर नारिंगी रेघ दिसेलच. कात्रजच्या बाजूला, दिवे घाटात, मुळशीत, ताम्हिणीच्या वाटेवर, आमच्या तळजई-पाचगाव पर्वतीच्या टेकडीवरसुद्धा. वाळलेलं गवत, त्याला जोर किती असणार, दोन-तीन तासांत उतार काळा होतो आणि खेळ खलास. दीडचा उपग्रह गेल्यावर पेटलं, रात्री दीडला विझलेलं असतं. ट्रेकवाली मुलं ओल्या फांद्या घेऊन झोडपायला धावतात, वनखातं जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत मोकळं केलेले पट्टे, काढून ठेवतं, तरी वणवा लागतोच. गवत जाळलं की पुढच्या वर्षी दाट येतं असं लोक सांगतात. जुनी काडी जळून गेल्यामुळे नवा हिरवा कोंब लवकर नजरेला पडतो हे खोटं नाही, पण उतारावरची राख आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवाच्या पावसात ओढ्याला लागते. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, टिटवी, तित्तर, रातवा, चंडोल, त्यांचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही, मला ते लिहवत नाही.

एका मार्चमध्ये आईला पहाटे फार त्रास झाला, खिडकी उघडली तर जळक्या गवताचा वास. मी फर्म्स बघितलं, आमच्या आसपास एकही ठिपका नाही. मग हायस्प्लिट वापरून बघितलं. ही अमेरिकेच्या नोआ या संस्थेची फुकट सोय आहे, जागा आणि वेळ दिली की त्या जागची हवा आदल्या काही तासांत कुठून कुठून आली त्याची रेघ काढून मिळते, पाठीमागे जाणारी. रेघ रात्रभर आमच्या नैऋत्येला, डोंगरांच्या अंगाला रेंगाळत होती, वारा जवळपास नव्हताच. या मॉडेलला आपल्या दऱ्याखोऱ्या बारकाईने कळत नाहीत त्यामुळे तेवढ्यावर काही ठरवता येत नाही. पण रात्री उतारावरची हवा थंड होऊन खाली घरंगळते हे शाळेच्या भूगोलातलंच आहे, आणि डोंगरावरचा धूर तिच्याबरोबर खाली येऊन झाकणाखाली बसतो. काही दिवसांनी सेंटिनेल-२ चा फोटो आला आणि त्यात त्या बाजूच्या डोंगराच्या सोंडेवर ताजा काळा डाग होता, आधीच्या फोटोत तिथे पिवळं गवत. धूर गेला, ठिपका कधी पडलाच नाही, डाग मात्र राहिला.

त्या दिवसापासून मी ठिपके बघायचं कमी केलं आणि डाग बघायला लागले.

सेंटिनेल-२ हे युरोपचे उपग्रह, पहिला २०१५ साली गेला. ते दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या आसपास येतात, आणि त्यांचा चौकोन दहा मीटरचा. दहा गुणिले दहा म्हणजे शंभर चौरस मीटर. आणि आपला गुंठा किती? १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर आणि वर थोडंसं. म्हणजे या फोटोतला एक चौकोन जवळपास एक गुंठा! चाळीस चौकोन झाले की एक एकर. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लगेच मामाला फोन लावला, कारण जगातलं बाकी सगळं हेक्टरात नि किलोमीटरात चालतं आणि गावात मात्र बोलणं गुंठ्यात होतं, आणि इथे आकाशातून येणारं मापच गुंठ्याचं निघालं. जळालेली जागा नीट ओळखायला जे इन्फ्रारेडचे पट्टे लागतात त्यांचा चौकोन वीस मीटरचा आहे, म्हणजे चार गुंठे, तरी चालतं. हिरवं पान जवळचा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं, जळकी जमीन तो गिळते आणि त्यापुढच्या पट्ट्यात जास्त चमकते. आधीचा आणि नंतरचा फोटो घेऊन या दोन पट्ट्यांतला फरक काढला की काय जळलं ते उठून दिसतं. कोपर्निकस ब्राउझरवर हे कुणालाही करता येतं.

मामा दौंड तालुक्यात भीमाकाठी ऊस करतो. माझा सख्खा मामा, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून गुऱ्हाळात गेलेली मी, त्यामुळे त्याला काहीही विचारता येतं, अगदी पाचटाबद्दलही, म्हणजे तोडणीनंतर रानात राहणाऱ्या उसाच्या वाळक्या पाल्याबद्दल. मी म्हटलं, "मामा, खरं सांग, पाचट पेटवतोस ना?"

"पेटवतो की. समदेच पेटवतात."

"दुपारी का संध्याकाळी?"

"दुपारी कोण पेटवंल गं, येडी का काय? दुपारी वारं असतंय. शेजारच्याचा उभा ऊस पेटला मग? संध्याकाळी वारं पडलं की चहूबाजूनी पट्टा मोकळा करायचा अन् काडी लावायची. अर्ध्या तासात काम तमाम."

म्हणजे त्याला उपग्रहापासून काही लपवायचं नाहीये, उपग्रह कधी जातो हे त्याच्या गावीही नाही. शहाण्या शेतकऱ्याने जी वेळ निवडायची तीच तो निवडतो आणि ती नेमकी आकाशातून कुणी बघत नसतं अशी वेळ आहे. दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल गाळपाचा हंगाम, कुठे तोडणीनंतर पाचट जाळतात, कुठे तोडणीची टोळी मिळत नाही म्हणून उभा फडच पेटवून मग तोडतात. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. या सगळ्या तालुक्यांवरून तो पुण्याकडे येतो. नकाशा मात्र कोरा.

मी त्याला विचारलं, पेटवायचंच का? तर त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते कारण शहरातले लोक ते ऐकून घेत नाहीत. ऊस तुटला की खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, लगेच पाणी द्यायचं असतं, कालव्याचं आवर्तन सुटलेलं असतं, नंतर कधी मिळेल भरवसा नाही. पाचट सरीत पडलेलं असलं की पाटाचं पाणी पुढे सरकत नाही. उंदीर होतात. बुडखे छाटायला मजूर येत नाहीत, कारण पाचटाच्या पात्याने हातपाय कापतात. कुट्टी मशीन गावात एक-दोन, ज्याची ओळख त्याच्याकडे आधी, आपला नंबर येईपर्यंत पाणी निघून जातं. आगपेटी लगेच मिळते.

"आणि त्यात खत जातंय ते?" मी विचारलं.

"ते कळतंय गं. पण पाणी गेलं की खोडवाच जातोय."

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. बारीक कुट्टी करून सरीत दाबलं, वरून युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं की पावसाळ्यापर्यंत ते जमिनीत मिसळून जातं, पाणी कमी लागतं, तणही कमी. जाळलं की पालाश राखेत थोडाफार राहतो, नत्र आणि कर्ब हवेत. हे कृषी खातं सांगतं, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सांगते, मामालाही पाठ आहे. माहितीची कमतरता कुठेच नाहीये. कमी आहे ती त्या आठ दिवसांत दारात येणाऱ्या मशीनची.

मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या वस्तीच्या आसपासचे जानेवारीतले फोटो बघितले, व्हिडिओ कॉलवर, मी स्क्रीन दाखवतेय आणि तो रानं ओळखतोय. ऊस उभा असताना गडद हिरवं. तोडणी झाली आणि पाचट तसंच असलं की फिकट, गव्हाळ. पुढच्या फोटोत तेच रान काळं झालं असेल तर पेटवलं. एक अडचण आहे, आपली जमीन मुळात काळी, पाणी दिल्यावर आणखी काळी दिसते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघून फसायला होतं, इन्फ्रारेडचा फरक काढावा लागतो आणि मध्ये फार दिवस जाऊन चालत नाही. पण मामाला त्या फरकाची गरज पडत नव्हती. हे अमक्याचं, हे तमक्याचं, याने पेटवलं, याने नाही, त्याच्या पोराने मशीन घेतलंय. बघता बघता तो गप्प झाला. मग म्हणाला, "एवढं जळतंय होय. रस्त्यावरून जाताना आपलं आपलंच दिसतंय."

हे माझ्या मनात घर करून राहिलंय. धूर वरूनच एकत्र दिसतो. खाली ज्याचं त्याचं दोन एकराचं काम असतं, अर्ध्या तासाचं, आणि कुणीही एकटा माणूस काही मोठं वाईट करत नसतो.

म्हणून मला वाटतं आपल्याकडे ठिपके मोजायच्या फंदात पडूच नये. ते मोजले तर पुणे जिल्हा कायम शहाण्यांच्या यादीत राहील आणि आईचा पंप उशाशी तो उशाशीच. जळालेले गुंठे मोजावेत, गावनिहाय, पंधरा दिवसांनी एकदा, उसाच्या हंगामात आणि वणव्याच्या हंगामात, आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. अर्धवट बातमी ऐकून कुणी म्हणेल की मग सातबारावर नोंद करा, दंड करा. पंजाबमध्ये जमिनीच्या कागदावर लाल शेरा मारून बघितला, गुन्हे दाखल करून बघितले, आणि त्यातूनच वेळ चुकवून जाळणं आलं. मला दंड नकोय. कुठल्या गावात कुठल्या आठवड्यात किती तोड होते ते कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात आधीच लिहिलेलं असतं, गेल्या वर्षी तिथे किती गुंठे काळे झाले ते फोटोत असतं, दोन्ही शेजारी ठेवले की यंदा कुट्टी मशीन कुठल्या आठवड्यात कुठल्या वस्तीवर उभं पाहिजे ते आपोआप कळतं. यात रॉकेट सायन्स असं जे काही होतं ते सगळं होऊन गेलंय, उपग्रह वर आहेत, फोटो फुकट आहेत. राहिलंय ते ट्रॅक्टरला डिझेल घालून मशीन नेण्याचं काम.

डोंगराचंही तसंच. दरवर्षीचे डाग एकावर एक ठेवले की काही सोंडा पुन्हा पुन्हा काळ्या होताना दिसतात. त्या बहुतेक रस्त्याला, पायवाटेला किंवा वस्तीला लागून असतात. जाळरेषा आधी तिथे काढली, फेब्रुवारीच्या आत, आणि संध्याकाळी पाच ते नऊ तिथे दोन माणसं बसवली तरी खूप फरक पडेल असं मला वाटतं. राब भाजणारे मावळ-मुळशीतले शेतकरी यात ओढू नयेत, भाताची दाढ, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून तो भाजतात, तुकडा लहान असतो, माणूस शेजारी उभा असतो. वारं उठल्यावर तो कधी डोंगराला लागतोही, पण पुन्हा पुन्हा काळ्या होणाऱ्या सोंडा बघितल्या तर त्यांचं कारण बहुतेक दुसरंच निघतं.

भारताचं पीएम २.५ चं चोवीस तासांचं मानक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं, २०२१ पासून, १५. या दोन आकड्यांच्या मध्ये आईसारखी माणसं राहतात, आणि पुण्याची हवा बरी आहे हे वाक्य त्या मधल्या जागेतच बोललं जातं.

मामाचा खोडवा यंदा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मोकळा होईल. त्याने आणि शेजारच्या दोघांनी मिळून मशीन आधीच सांगून ठेवलंय, तिघांचं रान लागून आहे त्यामुळे मशीनवाल्यालाही परवडतं, एकाच फेरीत साडेसात एकर. पाण्याचं आवर्तन त्याच आठवड्यात आलं तर घाई होईल, म्हणून पाटकऱ्याशी बोलायचं काम मामाने स्वतःकडे घेतलंय आणि फोटो बघायचं माझ्याकडे दिलंय. साडेसात एकर म्हणजे तीनशे चौकोन. तुमचं कुणाचं रान दौंड-शिरूरकडे असेल आणि तोडणीची तारीख माहीत असेल तर मला कळवा, तुमचेही आधीचे-नंतरचे फोटो काढून पाठवते.